अमूर्त चित्रप्रदर्शनाचा प्रेक्षक : उन्हाळी सुटी आणि मुंबईतील कलादालने

प्रस्तावना

परीक्षा संपून उत्तरपत्रिकांच्या तपासणीचे काम हातावेगळे झाले की महाविद्यालयीन प्राध्यापकाला वर्षातील सर्वांत मोठा मोकळा वेळ उन्हाळी सुटीत लाभतो. नेमक्या याच काळात मुंबईतील कलादालनांमध्ये तुलनेने शांतता असते. नोव्हेंबर ते मार्च हा शहरातील चित्रप्रदर्शनांचा मुख्य हंगाम मानला जातो. १९९९ पासून फेब्रुवारीत भरणारा काळा घोडा कला महोत्सवही याच हंगामात येतो. एप्रिल-मे महिन्यांत उद्घाटन-समारंभांची वर्दळ ओसरते, संग्राहकांची गर्दी कमी होते आणि दालनातील बाकावर अर्धा तास बसून राहिले तरी कोणाची अडचण होत नाही. चित्र निवांतपणे पाहू इच्छिणाऱ्यास याहून सोयीचा काळ नाही.

असे असूनही मराठी सुशिक्षित वर्ग अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनापासून काहीसा अंतर राखूनच राहतो. कविता, नाटक, कादंबरी किंवा अभिजात संगीत यांविषयी अधिकाराने बोलणारा प्राध्यापक अमूर्त चित्रापुढे उभा राहिला की ‘यातले आपल्याला काही कळत नाही’ असे म्हणून पुढील दालनाकडे वळतो. हे उद्गार नम्रतेचे वाटतात. परंतु त्यांमध्ये एक माघार दडलेली असते. न कळण्याची कबुली दिली की पाहण्याची जबाबदारीही संपते. ही माघार केवळ एका व्यक्तीपुरती मर्यादित राहत नाही. जो शिक्षक स्वतः चित्रापुढे थांबत नाही, त्याचे विद्यार्थीही थांबण्याची शक्यता कमी असते.

प्रस्तुत लेखात अमूर्त चित्र या संकल्पनेचे स्वरूप, मुंबईतील कलादालनांची पार्श्वभूमी, उन्हाळ्यातील प्रत्यक्ष दर्शनाच्या अटी आणि अशा चित्रांचे मूल्यमापन या चार मुद्द्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. ‘अमूर्त’ या संज्ञेचा घोटाळा

मराठीत रूढ झालेली ‘अमूर्त’ ही संज्ञा मुळात तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून आलेली आहे. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची मूर्त आणि अमूर्त अशी दोन रूपे सांगितली आहेत. त्यामुळे हा शब्द कानी पडताच वाचकाच्या मनात काहीतरी अगम्य, गूढ व इंद्रियातीत अशी अपेक्षा निर्माण होते. तो चित्रात दडलेला सिद्धांत शोधू लागतो आणि तो सापडला नाही की स्वतःला तरी अपात्र ठरवितो किंवा चित्रकाराला तरी दांभिक ठरवितो.

वस्तुतः अमूर्त चित्राइतकी मूर्त वस्तू दुसरी नाही. तेथे ताणलेले कापड असते, रंगाचे थर असतात, पात्याने खरवडल्याच्या खुणा असतात. निसर्गदृश्य पाहताना प्रेक्षक रंगाच्या थराकडे दुर्लक्ष करून झाड पाहतो. अमूर्त चित्रात झाड नसल्यामुळे रंग आणि पोत यांच्याकडेच पाहावे लागते. या दृष्टीने ‘अप्रतिरूप’ ही संज्ञा अधिक नेमकी आहे. ज्या चित्रात बाह्य वस्तूचे प्रतिरूप नाही ते अप्रतिरूप, एवढाच तिचा अर्थ. ती कोणत्याही गूढाची ग्वाही देत नाही. वासुदेव गायतोंडे हेही आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हे विशेषण स्वीकारीत नसत. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे दोन प्रक्रियांतील भेदही लक्षात घ्यावा लागतो. पहिल्या प्रक्रियेत चित्रकार दृश्य वस्तूपासून प्रारंभ करून तिचे तपशील क्रमाने वगळत जातो. पीट मोंद्रियान यांच्या झाडांच्या चित्रमालिकेतून पुढे आडव्या-उभ्या रेषांच्या रचनेपर्यंत झालेला प्रवास हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. सय्यद हैदर रझा यांची निसर्गदृश्यापासून ‘बिंदू’पर्यंतची वाटचालही याच जातीची आहे. दुसऱ्या प्रक्रियेत आरंभापासूनच बाह्य वस्तू नसते. रंग, आकार आणि पृष्ठभाग यांच्या परस्परसंबंधांतूनच चित्र घडत जाते. पहिल्या प्रकारच्या चित्रात मूळ वस्तूचा माग काढणे काही प्रमाणात सार्थ ठरते. दुसऱ्या प्रकारात मात्र असा शोध प्रेक्षकाची दिशाभूल करतो. डोंगर, समुद्र किंवा मानवी चेहरा ‘दिसला’ म्हणजे चित्र कळले, ही समजूत त्यामुळेच सोडावी लागते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि मुंबईची कलादालने

युरोपात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अप्रतिरूप चित्रकला आकारास आली. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट यांनी १९०६ पासून अशी चित्रे रंगविली. मात्र ती दीर्घकाळ लोकांसमोर आली नाहीत. वासिली कांदिन्स्की यांचे कलेतील आध्यात्मिकतेविषयीचे पुस्तक १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तर काझिमिर मालेविच यांचा ‘काळा चौरस’ १९१५ मध्ये प्रदर्शित झाला.

मुंबईत या विचाराला अनुकूल भूमी तयार होण्यास स्वातंत्र्याचा काळ उजाडला. सर ज. जी. कला महाविद्यालयाची परंपरा १८५७ पासूनची आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची १८८८ पासूनची असली तरी आधुनिक चित्रकलेला ठळक वळण मिळाले ते १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमुळे. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे त्याचे संस्थापक सदस्य होत. गायतोंडे पुढे या गटाशी जोडले गेले. १९५२ मध्ये काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालन सुरू झाले. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी त्यासाठी देणगी दिली. भाभा यांच्याच पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही समकालीन भारतीय चित्रांचा मोठा संग्रह उभा राहिला. विज्ञान आणि चित्रकला यांत कुंपण न मानणारा हा वारसा बहुविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा करणाऱ्यांनी आवर्जून आठवावा असा आहे.

जहांगीर कलादालनाचे एक वैशिष्ट्य प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथील प्रदर्शन साधारणतः मंगळवार ते सोमवार असे आठवडाभर चालते, प्रवेश विनामूल्य असतो आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः दालनात उपस्थित असतो. तारीख मिळण्यासाठी त्याने दीर्घकाळ प्रतीक्षा केलेली असते. चित्रांची वाहतूक, चौकटी, पत्रिका असा खर्चही केलेला असतो. असा चित्रकार उन्हाळ्यातील रिकाम्या दुपारी कोपऱ्यातील खुर्चीवर बसून असतो आणि येणारा प्रेक्षक पाच मिनिटांत चार भिंती ओलांडून निघून जातो. ‘कळत नाही’ या दोन शब्दांच्या माघारीची किंमत तेथे प्रत्यक्ष दिसते. दालनाबाहेरील पदपथावरही चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. आतील व बाहेरील भिंतींची तुलना हादेखील उपयुक्त अभ्यास ठरतो.

याच चौकाजवळील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे स्वरूप वेगळे आहे. १९११ मध्ये बांधलेल्या सर कावसजी जहांगीर सभागृहात हे संग्रहालय १९९६ पासून सुरू आहे. एकावर एक चढत जाणाऱ्या दालनांमुळे एखाद्या कलावंताची कारकीर्द टप्प्याटप्प्याने पाहता येते. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे पुनरावलोकन येथे २०१९ मध्ये भरले होते. बरवे यांची चित्रे पूर्णतः अप्रतिरूप नाहीत. पान, घड्याळ, शिंपला अशा वस्तू त्यांत ओळखू येतात. तथापि त्या वस्तूंभोवतीच्या रिकाम्या अवकाशाला त्यांनी दिलेले मूल्य अमूर्त चित्राकडे जाणारा उत्तम पूल ठरते. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकाला चित्रकाराच्या विचारप्रक्रियेत थेट प्रवेश देते.

खाजगी दालनांपैकी पंडोल आणि केमोल्ड या दोन्हींची सुरुवात १९६३ मधील. केमोल्ड अनेक वर्षे जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होते. २००७ मध्ये ते प्रेस्कॉट मार्गावर गेले. खाजगी दालनाचे काचेचे दार, आतील शांतता आणि मेजावरील किंमतपत्रक यांमुळे सामान्य प्रेक्षक बिचकतो. अशा दालनांत चित्र विकत घेणे मुळीच बंधनकारक नसते, एवढे ध्यानात ठेवले की हा संकोच कमी होतो.

३. उन्हातून दालनात : डोळ्यांचे शरीरशास्त्र

उन्हाळ्यात प्रदर्शन पाहण्याची एक विशिष्ट अडचण आहे. मे महिन्यातील दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. कलादालनात तैलचित्रांसाठी साधारणतः २०० लक्स, तर कागदावरील चित्रांसाठी सुमारे ५० लक्स प्रकाश योग्य मानला जातो. कागद, शाई आणि जलरंग प्रकाशाने लवकर फिकट पडतात म्हणून ही मर्यादा पाळली जाते. म्हणजेच रस्त्यावरून आत येणारा डोळा क्षणार्धात ५०० ते २,००० पट कमी प्रकाशात प्रवेश करतो. बाहुली त्वरित रुंदावते. परंतु दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी द्रव्य पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात. या अवधीत सूक्ष्म छटांतील भेद नीट जाणवत नाहीत.

मूर्त चित्रात ही उणीव फारशी बाधत नाही, कारण आकृती ओळखता येते. ज्या चित्राचा सारा आशयच राखाडीच्या दोन छटांमध्ये सामावलेला आहे ते चित्र मात्र अशा डोळ्यांना रिकामे दिसते. नसरीन मोहमदी यांची शाई आणि शिसपेन्सिलीने काढलेली विरळ रेषाचित्रे हे याचे ठळक उदाहरण. त्यामुळे दालनात शिरताच पहिल्या चित्रापुढे न थांबता पाच-दहा मिनिटे बाकावर बसणे, घाम टिपणे व पाणी पिऊन घेणे ही रसास्वादाचीच पूर्वतयारी समजावी. जहांगीरमधील ‘समोवार’ हे १९६४ पासूनचे उपाहारगृह अशा विसाव्याची जागा होती. ते मार्च २०१५ मध्ये बंद झाले.

रंगांच्या शेजाराचा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे पॅरिसमधील गोब्लाँ कारखान्याच्या रंगशाळेची जबाबदारी होती. काळा रंग फिका दिसतो, अशी तेथे तक्रार आली. तपासणीअंती दोष रंगात नसून शेजारच्या रंगात असल्याचे त्यांना आढळले. यातूनच समकालिक विरोधाचा त्यांचा सिद्धांत सिद्ध झाला आणि तो १८३९ मध्ये ग्रंथरूपाने आला. लाल चित्र दीर्घकाळ पाहून लगेच राखाडी चित्राकडे वळल्यास ते किंचित हिरवट भासते, ते पश्चात्-प्रतिमेमुळे. म्हणून दोन चित्रांच्या मध्ये कोऱ्या भिंतीकडे क्षणभर पाहणे हितावह ठरते.

४. चित्र पाहण्याची रीत

जेफ्री व लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीपुढे सरासरी २७ सेकंद थांबतो, असे आढळले; मध्यक तर १७ सेकंदच होता. नामवंत कलाकृतींपुढे ही स्थिती, तर अपरिचित अमूर्त चित्राच्या वाट्याला काय येत असेल, याची कल्पना करता येते. या पार्श्वभूमीवर पुढील क्रम उपयुक्त ठरू शकेल.

(अ) पहिली फेरी : नावाच्या पट्ट्या न वाचता संपूर्ण दालनातून एक चक्कर मारावी आणि दोन-तीनच चित्रे निवडावीत. आवडलेल्यांपैकी दोन व खटकलेल्यांपैकी एक अशी निवड अधिक फलदायी होते.

(आ) अंतर : निवडलेले चित्र प्रथम दुरून, नंतर मध्यम अंतरावरून आणि शेवटी जवळून पाहावे. दुरून रचना कळते, मध्यम अंतरावरून रंगसंबंध जाणवतात आणि जवळून कृती दिसते. मार्क रॉथ्को यांची मोठी चित्रे प्रेक्षकाला वेढून टाकण्यासाठीच मोठी केलेली आहेत. ती केवळ दुरून पाहिली तर त्यांचा हेतू साधत नाही.

(इ) थरांचा क्रम : कोणता रंग आधी लावला, कोणता नंतर, कोणता पुसून काढला हे शोधावे. चित्राच्या कडा याबाबत बरेच काही सांगतात. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ यांच्या साहाय्याने थर चढवीत आणि काढीत. चित्र मनात सिद्ध होण्यासाठी ते दीर्घकाळ थांबत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. प्रभाकर कोलते यांच्या अनेक चित्रांत एका प्रबळ रंगक्षेत्राखालून आधीच्या रचना डोकावतात. झाकलेले आणि उघडे ठेवलेले यांतील ताण हाच तेथे पाहण्याचा विषय असतो.

(ई) नोंद : चित्राविषयी पाच वाक्ये लिहावीत, त्यांत ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘अप्रतिम’ ही विशेषणे टाळावीत. ‘डावीकडील गडद पट्टा कडेपर्यंत पोहोचत नाही’ असे साधे विधान प्रेक्षकाला दहा विशेषणांपेक्षा पुढे नेते.

(उ) संवाद : यानंतर पट्टी वाचावी व चित्रकार उपस्थित असल्यास त्याच्याशी बोलावे. ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाला बहुधा ठरावीक उत्तर मिळते. ‘हे चित्र पूर्ण झाले असे केव्हा वाटले?’ या प्रश्नातून मात्र खरा संवाद सुरू होतो.

५. मराठी सौंदर्यविचाराची मदत

अमूर्त चित्राविषयी बोलण्यासाठी परक्या परिभाषेवाचून गत्यंतर नाही, हा समज योग्य नव्हे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेली लयतत्त्वाची उपपत्ती मराठीचे प्राध्यापक वर्षानुवर्षे शिकवीत आलेले आहेत. संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तीन सूत्रे. साहित्यात शब्दाला अर्थ चिकटलेला असल्यामुळे ही उपपत्ती लागू करताना अनेक अडचणी येतात आणि समीक्षकांनी त्या दाखवूनही दिल्या आहेत. अप्रतिरूप चित्रात मात्र रंग आणि आकार हेच घटक असल्याने ती जवळजवळ थेट लागू पडते. दोन निळ्या छटांमधील संवाद, त्यांना छेद देणाऱ्या नारिंगी ठिपक्याचा विरोध आणि त्या ठिपक्याच्या लहान आकाराला मोठ्या रिकाम्या क्षेत्राने दिलेला समतोल, असे विश्लेषण कोणत्याही दालनात करता येते. वर्गात तीस वर्षे शिकविलेले सूत्र भिंतीवर प्रत्यक्ष दिसत असताना शिक्षकाने ‘कळत नाही’ म्हणावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

संगीताचा दाखलाही येथे उपकारक ठरतो. रागाच्या आलापीत शब्द नसतात, कथा नसते. तरीही श्रोता ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे विचारीत नाही. स्वर कोठे थांबला, षड्ज किती वेळ टाळला, हे तो ऐकतो. ही क्षमता जन्मजात नसून सवयीने आलेली असते. डोळ्यालाही तशी सवय लावता येते. मात्र साम्य येथेच संपते. संगीत आपला वेळ श्रोत्यावर लादते. चित्र लादत नाही. वेळ प्रेक्षकाने स्वतःहून द्यावा लागतो.

६. आक्षेप आणि मूल्यमापन

‘असे चित्र लहान मूलही काढील’ हा आक्षेप सर्वपरिचित आहे. एंजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रे आणि बालकांनी किंवा प्राण्यांनी केलेली रंगकामे जोडीने दाखविली. काही जोड्यांवर नावांच्या चुकीच्या पट्ट्या लावल्या असतानाही कलेचे शिक्षण न घेतलेल्या सहभागींनी निव्वळ योगायोगाने घडेल त्याहून अधिक वेळा चित्रकाराचे चित्र सरस ठरविले. हे प्रमाण शंभर टक्के नव्हते, ही बाबही तितकीच बोलकी आहे. सामान्य डोळ्याला हेतूची आणि रचनेची जाणीव असते, परंतु ती अचूक नसते. म्हणूनच तिला सरावाची आवश्यकता असते.

याचा अर्थ प्रत्येक अमूर्त चित्र चांगले असते असा नव्हे. आकृतीचे बंधन नसल्यामुळे या प्रकारात अनुकरण सोपे असते. एखाद्या ज्येष्ठ चित्रकाराचा पृष्ठभाग उचलून तीस चित्रे तयार करता येतात आणि भिंतीवरील परिचयपत्रात ‘अंतर्मनाचा शोध’, ‘अनंताची अनुभूती’ अशी शब्दयोजना करून ती सजविता येतात. अशा वेळी काही कसोट्या उपयोगी पडतात. एखादा घटक मनातल्या मनात काढून टाकल्यास चित्र बिघडते काय? एका चित्रात सुटलेला प्रश्न पुढील चित्रात नव्याने मांडला आहे, की तेच उत्तर रंग बदलून दिले आहे? परिचयपत्र झाकल्यावर चित्र उरते काय? दहा मिनिटांनंतर चित्रात पहिल्या मिनिटापेक्षा अधिक काही दिसते काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर चित्र नाकारण्याचा अधिकार प्रेक्षकाला निश्चितच आहे. मात्र तो पाहण्याच्या श्रमानंतर प्राप्त होतो, आधी नव्हे.

किंमत हा मूल्यमापनाचा निकष मानणेही धोक्याचे आहे. २००१ मध्ये निधन पावलेल्या गायतोंडे यांच्या चित्रांना लिलावात आज कोट्यवधींची किंमत मिळते. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे पुनरावलोकन भरविले. परंतु त्यांच्या चित्रातील स्तब्धता या किमतीमुळे निर्माण झालेली नाही, आणि किंमत ठाऊक झाल्यावर ती अधिक दिसते असेही नाही. उलट, किमतीचा आकडा मनात घेऊन दालनात आलेला प्रेक्षक चित्राऐवजी आकड्याकडेच पाहत राहतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की अमूर्त चित्र न कळण्याचे मूळ बुद्धीच्या उणिवेत नसून प्रश्नाच्या निवडीत आहे. ‘अर्थ सांगा’ हा प्रश्नपत्रिकेतील प्रश्न आहे, आणि वर्षभर तो विचारणाऱ्याला व तपासणाऱ्याला त्याची सवय जडणे स्वाभाविक आहे. उन्हाळी सुटी ही या सवयीतून काही काळ बाहेर पडण्याची संधी होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि अन्य विद्याशाखा यांतील भिंती दूर करण्याची अपेक्षा व्यक्त केली आहे. ती अपेक्षा अभ्यासक्रमातील श्रेयांकांपुरती मर्यादित राहू नये, असे वाटत असल्यास शिक्षकांनी स्वतः दालनाची पायरी चढणे अगत्याचे आहे. मुंबईपासून दूर असणाऱ्या महाविद्यालयांना हे वर्षातून एखाद्या वेळीच शक्य होईल. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या स्थानिक चित्रकाराच्या लहानशा प्रदर्शनालाही हीच रीत लागू पडते.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने तेथे प्रकाशाविषयी, मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने संवेदनाविषयी आणि मराठीच्या प्राध्यापकाने लयीविषयी बोलावे. तिघेही एकाच चित्रापुढे दहा मिनिटे थांबले, तर बहुविद्याशाखीय अध्ययन म्हणजे काय, याचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.